कॅमेरा घसरायचा तेव्हा

माझ्या मैत्रिणीला कॅमेरा हातात कसा धरायचा ते मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पोटात पुढे जे काही दुखत राहिलं त्याचं मूळ तिथंच होतं.

ती आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत तीन घरं सोडून राहायची. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसते. ती घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. तिची मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या वर्षी ही अगदी सुकून गेली. संध्याकाळी फाटकाला धरून उभी राहायची, कोणी बोललं तर बोलायची. एका रविवारी मी तिला ओढतच तलावावर नेलं, माझा जुना कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला आणि समोरच्या तारेवर बसलेला खंड्या दाखवला. तिनं त्या सकाळी तारेचेच सगळे फोटो काढले. खंड्या एकातही नव्हता. आम्ही दोघी तलावाच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो.

मग दर रविवारी जाणं सुरू झालं. श्वास सोडताना बटण दाबायचं, पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरायचा, सूर्य पाठीशी ठेवायचा, हे सगळं तिनं माझ्याकडून घेतलं. ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला की लॉकचा ‘कट्’ असा आवाज येतो, तो कानांनी ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही, हेही मीच सांगितलं. ती वहीत लिहून घ्यायची. गणिताची बाई ती, वही नीट.

तीन-चार वर्षांत ती माझ्या पुढे गेली. मधल्या काळात तिच्या नवऱ्याला मिहानमधल्या एका कंपनीत मोठी जागा मिळाली, ते वर्धा रोडच्या बाजूला फ्लॅटमध्ये गेले, गाडी आली, कॅमेरा आला, बोटानं उचलता येईल असा हलका काळा ट्रायपॉड आला. लोक तिचे फोटो पाहून वा म्हणायचे आणि मी मनात म्हणायची, सामान चांगलं आहे म्हणून. ती एका जागी दोन-दोन तास न हलता बसते आणि मी अर्ध्या तासात चुळबुळ करते, हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

माझा ट्रायपॉड सीताबर्डीवरचा एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी आणलेला. जड, लोखंडासारखा, तीन पायांवर भक्कम उभा राहणारा. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कितीतरी कार्यक्रमांचे समूहफोटो त्याच्यावरून निघाले आहेत. साधी लेन्स असली तर त्याची काही तक्रार नसायची. पण पक्ष्यांसाठी मी लांब लेन्स घेतली आणि त्याच्या हेडनं मान टाकायला सुरुवात केली. हेड म्हणजे पायांच्या वर बसवलेला तो भाग, ज्यात एक धातूचा गोळा फिरतो आणि गोळ्यावर कॅमेरा बसतो. हवा तिथं कॅमेरा वळवायचा, बाजूची खुंटी आवळायची, की गोळा जागच्या जागी थांबला पाहिजे. माझा थांबायचा, पण मग बसल्याबसल्या झोप लागलेल्या माणसाच्या डोक्यासारखा हळूहळू पुढे झुकायचा.

गेल्या भादव्यात ग्रंथालयातल्या शिपायानं मला एक जागा सांगितली. त्याचं गाव रामटेकच्या पलीकडे. तिथं त्याच्या काकाच्या शिंगाड्याच्या तळ्यात कमळपक्ष्याची पिल्लं निघाली होती. कमळपक्ष्यात अंडी उबवायचं, पिल्लं वाढवायचं सगळं काम नराकडे असतं. धोका वाटला की तो पिल्लांना पंखांखाली घेतो आणि तसाच उचलून चालू लागतो. मी हे फक्त वाचलेलं होतं. जागा मला कळली होती, पण जायला गाडी तिची. मी तिला फोन केला. आता वाटतं, बसनं एकटीच गेली असती तर बरं झालं असतं. तेव्हा तसं वाटलं नाही, तेव्हा आनंदानंच फोन केला होता.

सकाळी सातला आम्ही तळ्याच्या बांधावर होतो. बाजूला धान पोटरीत आलेलं, दूर गडावरचं देऊळ धुक्यात अर्धं बुडालेलं. दोघींचे ट्रायपॉड शेजारी शेजारी, मध्ये फार तर हातभर अंतर. बराच वेळ नर एकटाच पानांवरून हिंडत होता. मग आकाशात घार आली. त्यानं एक आवाज काढला आणि कुठून कुठून तीन पिल्लं धावत त्याच्याकडे आली. तो खाली बसला, पंख थोडे सैल केले, पिल्लं आत शिरली. तो उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या पंखांखालून पिल्लांचे लांब पाय उदबत्तीच्या काड्यांसारखे खाली लोंबत होते.

मी नेम धरलेला होता. खुंटी आवळलेली होती. मी श्वास सोडला, बटण दाबलं, आणि चित्र माझ्या डोळ्यादेखत वर सरकायला लागलं. आधी त्याचं डोकं गेलं, मग पाठ गेली, मग नुसती पानं आणि गढूळ पाणी उरलं. मी खुंटी सैल करून कॅमेरा उचलला, पुन्हा आवळली, तोवर तो पानांच्या आड निघून गेला होता. माझ्या शेजारी तिच्या कॅमेऱ्याचा आवाज चालूच होता, शिवणयंत्रासारखा.

तिनं मला पडद्यावर फोटो दाखवला. तो कसा होता हे सांगायची आजही माझी इच्छा नाही. चांगला होता. पिल्लांच्या पायांवर पाण्याचे थेंबसुद्धा दिसत होते.

“तुझा आला का वं?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, हेड घसरलं. तिचा चेहरा खरंच पडला. तिच्या घरी एक जादा हेड पडून होतं, ते मी घेऊन जावं असं ती गाडीत बसेपर्यंत सांगत होती. मी म्हटलं, राहू दे, माझं चांगलंच आहे, थोडं आवळावं लागते.

तो फोटो शहरातल्या प्रदर्शनात लागला. समोरच्याच भिंतीवर, दारातून शिरताच नजर जाईल असा. ती भेटेल त्याला सांगत होती की जागा हिनं शोधली, मला सगळं हिनंच शिकवलं. मला हात धरून लोकांसमोर नेत होती. तिनं माझं नावही घेतलं नसतं तर मला रागवायला जागा मिळाली असती. ती जागाही तिनं ठेवली नाही. एका गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही पण काढता का फोटो?” मी हो म्हटलं आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले.

त्या आठवड्यापासून मी त्या हेडच्या मागे लागले. कामावरून आलं की साडीही न बदलता जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचं. कॅमेरा त्याच्या खाली स्क्रूनं बसणाऱ्या प्लेटवर किंचित गोल फिरतो असं वाटलं म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून खाली चिकटवला. फिरायचं थांबलं, पण मऊ रबरावर कॅमेरा थरथरायला लागला, म्हणून तो काढून पातळ बुचाचा तुकडा लावला. ते जमलं. झुकणं मात्र तसंच होतं. एक दिवस पक्कडीनं खुंटी आवळायला गेले तर खुंटीचं प्लास्टिक चिरलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय फुटलं? मी म्हटलं, काही नाही. नवं हेड घेता आलं नसतं असं नाही. पण नवं घेतलं असतं तर तिच्यासारखं घेतलं असं झालं असतं, आणि तिचं जुनं घेणं तर शक्यच नव्हतं. मला माझ्याच सामानानं तिच्या बरोबरीला यायचं होतं.

शेवटी उमरेड रोडवरच्या एका लेथवाल्या काकांकडे गेले. मोटारीचे सुटे भाग घडवणारे सत्तरीचे गृहस्थ, चष्म्याची एक दांडी तारेनं बांधलेली. त्यांनी हेड हातात घेतलं, गोळा दोनदा फिरवून पाहिला आणि काही न विचारता खोलायला घेतलं. खालचे तीन स्क्रू काढल्यावर गोळा बाहेर आला. तो पिवळ्या चिकट थरानं माखलेला होता. ज्या दोन वाट्यांमध्ये तो बसतो, त्यांतही तेच.

“याच्यात ग्रीस कोणं भरलं?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“काहून?”

मी म्हटलं, सुळसुळीत फिरावं म्हणून. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

“हे फिरायची वस्तू नाही, ताई. हे धरून ठेवाची वस्तू आहे.”

मला ते तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिनं तिचा नवा ट्रायपॉड आणला तेव्हा मला हात लावून पाहायला दिला होता. एका बोटानं फिरायचा, लोण्यातून सुरी जावी तसा. मी घरी आले, त्याच संध्याकाळी माझं हेड खोललं आणि शेजाऱ्याच्या स्कूटरसाठी आणलेल्या डब्यातलं ग्रीस त्यात भरलं. फिरायला लागलं होतं अगदी छान. हे मी विसरूनही गेले होते. कमळपक्षी माझ्या चौकटीतून निसटला तो त्या संध्याकाळीच निसटला होता.

काकांनी गोळा आणि वाट्या पेट्रोलनं धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. एक वाटी घासून गुळगुळीत झाली होती. ती त्यांनी नायलॉनच्या दांड्यातून नवी कातली, बारीक पॉलिश पेपरनं आतून जराशी खरबरीत केली. चिरलेल्या खुंटीच्या जागी पितळेची लांब दांडीची खुंटी बसवली, म्हणजे हाताला जोर कमी लागावा. मग हेड जोडलं, तिरपं करून आवळलं आणि त्याला पाण्यानं भरलेली कॅन टांगली. मला म्हणाले, जाऊन चहा पिऊन या. मी आले तेव्हा कॅन तिथंच होती. खाली त्यांनी खडूनं खूण केली होती, त्या खुणेपासून केसभरही हलली नव्हती.

मी हे तिला सांगितलं नाही. मला तिला दाखवायचं होतं.

कार्तिक संपता संपता आम्ही पुन्हा रामटेकच्या बाजूला गेलो. धरणाच्या मोठ्या तलावावर चक्रवाक उतरले होते. धान कापून झालेलं, शेतात पेंढ्यांचे पुंजाणे उभे. तिनं प्रदर्शनानंतर एक मोठी लेन्स घेतली होती, ती पहिल्यांदा बाहेर काढत होती. लेन्सची पिशवी उघडतानाच तिला मुलीचा फोन आला. मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये धरून ती बोलत होती आणि दोन्ही हातांनी लेन्स ट्रायपॉडवर चढवत होती. मी तिच्याकडेच पाहत होते. प्लेट खाचेत बसली, तिनं लॉकची पट्टी ढकलली, पट्टी अर्ध्यावर थांबली. आवाज आला नाही.

ती फोनवर हसली आणि तिनं हात काढला. हात काढताना माझ्याकडे एकदा पाहिलं, नेहमी पाहायची तसं.

मला बोलायला एक शब्द पुरला असता. मी तो शब्द तोंडाशी आणलाही होता, असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी खाली वाकले आणि माझ्या कॅमेऱ्याला डोळा लावला. एकदा तरी तिचं घसरू दे, एवढंच माझ्या मनात होतं. पडू दे असं नव्हतं. पण घसरण्यात आणि पडण्यात किती अंतर असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, तिला तर मीच शिकवलं होतं.

माझं हेड त्या दिवशी दगडासारखं होतं. मी नेम धरला, आवळलं, आणि चौकट जिथं ठेवली तिथं राहिली. चक्रवाकांची एक जोडी उन्हात आली, नर पंख पसरून उठला, मादीनं मान वर केली. मी एकामागून एक फोटो काढत होते. दहा मिनिटं गेली असतील. तिच्याकडे पाहिलं नाही.

मग ती म्हणाली की तिकडून ऊन चांगलं आहे, आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकला. कॅमेरा आणि लेन्स मागे सरकून सुटले आणि धरणाच्या दगडांवर पडले. दोनदा आवाज झाला, एकदा पडल्याचा आणि एकदा खालच्या दगडावर गडगडल्याचा. चक्रवाक उडाले.

ती उतरून खाली गेली, दोन तुकडे उचलून आणले आणि माझ्याजवळ येऊन बसली.

“मी लॉक लावलं होतं ना वं?”

“मले नाही माहीत,” मी म्हटलं. “मी माझ्या कॅमेऱ्यात पाहून राहिली होती.”

परतताना तिनंच गाडी चालवली. मनसरला चहाला थांबलो. तिनं कपात फुंकर घातली आणि म्हणाली, “तुझा नाही पडला हे बरं झालं. माझा होऊन जाईन दुरुस्त.” मला तिथंच सांगता आलं असतं. मी दुसरी बिस्किटं मागवली.

चक्रवाकांचे फोटो तिनं मागितले म्हणून मी पाठवले. त्यातला एक तिनं मला न विचारता प्रदर्शनवाल्यांकडे धाडला. पुढच्या प्रदर्शनासाठी तो निवडला गेला, तेव्हा मला फोन तिचाच आला. तिचा आवाज इतका खुशीत होता की मी काही बोलूच शकले नाही. तिला वाटलं, मला आनंदानं भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुटी टाकून तिच्याकडे गेले. ती टेबलाशी मेथी निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. पट्टी अर्धी राहिली होती, आवाज आला नव्हता, मी पाह्यलं होतं. काहून बोलली नाही, तेही सांगितलं. कमळपक्ष्याचं सांगितलं, प्रदर्शनाचं सांगितलं. बोलताना माझ्या लक्षात आलं की मी माफी कमी मागून राहिली आणि तक्रारच जास्त करून राहिली, तेव्हा थांबले.

ती मेथीची पानं तोडत होती. पानांचा ढीग एका बाजूला, काड्या एका बाजूला.

“त्या लॉकचा आवाज मले कधीच नीट ओळखू येत नाही,” ती म्हणाली. “मी तुझ्या तोंडाकडे पाहते. तू काही बोलली नाही म्हणजे बरोबर लागलं, असं समजते. पहिल्या दिवसापासून.”

मी खुर्चीवर बसले. तिनं मला पाणी दिलं, पण चहा विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय ते सांगायला नको. थोड्या वेळानं ती म्हणाली, आज जा तू. मी निघाले.

त्यानंतर तिचा फोन नाही. मी केले ते तिनं उचलले नाहीत. प्रदर्शनवाल्यांना मी फोटो परत मागितला, पण तो छापून चौकटीत बसवून झाला होता. मी प्रदर्शनाला गेले नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तिच्याकडून एक चित्र आलं, भिंतीवर लावलेल्या माझ्या फोटोचं. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ती गेली होती, उभी राहिली होती, नीट सरळ धरून फोटो काढला होता. मी तो कितीदा पाहिला याचा हिशेब नाही. त्यातून मला काही कळलं नाही.

रविवार रिकामे झाले. मी एकटी तलावावर जायची. हेड उत्तम चालत होतं. बगळ्यांचे, शेकाट्यांचे फोटो अगदी स्थिर यायचे आणि घरी येऊन पाहिले की त्यात काही नसायचं.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी ती आमच्या दारात उभी. लेन्स दुरुस्त होऊन आली होती, पण नेम धरायला आता वेळ लावते म्हणाली. आईनं तिला आत बोलावलं, आंब्याचं पन्हं दिलं, इतके दिवस काहून आली नाही म्हणून रागावली. तिनं आईला सांगितलं की घरी काम होतं. मला म्हणाली, आपल्या तलावाला पाणी आहे का अजून? मी म्हटलं, थोडं आहे.

आता आम्ही जातो, पण दर रविवारी नाही. मिहानमधल्या लोकांचा तिचा एक गट झाला आहे, ती त्यांच्याबरोबरही जाते. ट्रायपॉडवर कॅमेरा चढवताना ती माझ्याकडे पाहत नाही. मान खाली घालून, पट्टी दोनदा दाबून स्वतः तपासते. हे बरोबरच आहे आणि मला दरवेळी लागतं.

परवा तिनं एक फोटो दाखवला. आटलेल्या तळ्याच्या भेगांमध्ये टिटवीची चार अंडी आणि त्यांच्यावर सावली धरून उभी असलेली टिटवी. आम्ही दोघी तिथंच होतो. मी त्याच टिटवीचे फोटो काढले होते आणि मला ती सावली दिसली नव्हती. माझं हेड घसरलं नव्हतं, ऊन वाईट नव्हतं, लेन्स तिचीच अधू होती.

“माझा जीव जळून राहिला हे पाहून,” मी म्हटलं.

तिनं पडदा बंद केला आणि लेन्सला टोपण लावलं.

“तुझी चक्रवाकं भिंतीवर पाह्यली तेव्हा माझाही जळला होता,” ती म्हणाली. “अर्धा तास उभी होती मी तिथं.”

मग तिनं पिशवी उचलली. ऊन तापायला लागलं होतं आणि गाडी बरीच लांब उभी होती.